छोट्यांच्या हाती पृथ्वी आणि आकाश

ग्रहांची नावे घडाघडा म्हणणाऱ्या मुलाला आपण स्वतः कुठे राहतो हे उमगले आहे का? रंगीत चित्रपुस्तक विकत घेणे सोपे असते. ते मुलाबरोबर कसे वाचायचे, हे मात्र आईवडिलांनाच शिकावे लागते.

शेजारच्या घरी वाढदिवसाचा कार्यक्रम होता. पाहुणे जमल्यावर आईने आपल्या पाच वर्षांच्या लेकाला खुर्चीवर उभे केले आणि म्हणाली, "काकूंना प्लॅनेट्सची नावं म्हणून दाखव बरं!" मुलाने एका दमात आठही ग्रहांची नावे इंग्रजीत म्हणून दाखवली. टाळ्या पडल्या, कोणी हातावर चॉकलेट ठेवले. कोपऱ्यात बसलेल्या आजोबांनी मात्र नातवाला जवळ घेऊन विचारले, "यातली पृथ्वी कुठे आहे रे, बाळा?"

मुलाने क्षणाचाही विचार न करता बोट छताकडे नेले. "ती तिकडे वर. आकाशात."

"मग आपण कुठे राहतो?"

"आपण इथे खाली. जमिनीवर!"

सगळे हसले. आई ओशाळली. "अहो बाबा, पुस्तकात सगळं दाखवलंय त्याला," ती म्हणाली. तिचे म्हणणे खोटे नव्हते. पुस्तकाच्या काळ्याभोर पानावर निळी पृथ्वी छान गोल काढलेली होती. मुलाने ती नीट पाहिली होती आणि ती आकाशात आहे हेही त्याला समजले होते. तीच पृथ्वी आपल्या पायाखाली आहे, हे मात्र त्याला ना पुस्तकाने सांगितले होते, ना घरातल्या कोणी.

अवकाशाची चित्रपुस्तके आज घरोघरी दिसतात. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या भागात उतरले, ते अनेक मुलांनी आईवडिलांच्या मांडीवर बसून टीव्हीवर पाहिले. २०२५ च्या जून-जुलैमध्ये शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर राहून परत आले. साहजिकच मुलांचे प्रश्न वाढले आणि पालकांची पुस्तकखरेदीही वाढली. ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण पुस्तक आणले, मुलाच्या हाती दिले आणि आपले काम संपले, असे मानले तर त्या शेजारच्या मुलासारखी गंमत घरोघरी होत राहील. ही गंमत वाटते तितकी साधी नाही. लहानपणी मनात बसलेले चुकीचे चित्र सहजासहजी पुसले जात नाही.

मुलाच्या मनातली पृथ्वी

लहान मुलांच्या मनात पृथ्वीचे कोणते चित्र असते, याचा अभ्यास मानसशास्त्रज्ञांनी केला आहे. स्टेला व्होस्नियाडू आणि विल्यम ब्रूअर यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या प्राथमिक शाळेतील मुलांना प्रश्न विचारले होते. पृथ्वीचा आकार कसा, असे विचारल्यावर अनेक मुले 'गोल' म्हणत. पण पुढचे प्रश्न विचारत गेल्यावर त्या गोलाचे वेगवेगळे अर्थ बाहेर पडत. कोणाच्या मते पृथ्वी भाकरीसारखी गोल, पण सपाट. कोणाच्या मते ती पोकळ चेंडूसारखी आणि माणसे तिच्या पोटात सपाट तळावर राहणारी. काही मुलांनी तर दोन पृथ्वी मानल्या होत्या. माणसे राहतात ती सपाट पृथ्वी खाली आणि शाळेत शिकवतात ती गोल पृथ्वी वर आकाशात. आपल्या शेजारच्या मुलाचे उत्तर नेमके हेच होते!

याच संशोधकांनी आला समरपुंगवन यांच्याबरोबर हैदराबादच्या मुलांशीही असाच संवाद साधला. तो अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला. तिथल्या बऱ्याच मुलांच्या कल्पनेत पृथ्वी पाण्यावर टेकलेली किंवा तरंगणारी होती. आपल्या घरांतल्या जुन्या कथांमध्ये पृथ्वीच्या भोवती आणि खाली समुद्र असतो, हे आठवले म्हणजे याचे नवल वाटणार नाही. मूल रिकाम्या डोक्याने पुस्तकासमोर बसत नाही. आजीची गोष्ट, शाळेतले वाक्य, टीव्हीवरचे कार्टून आणि खिडकीतून दिसणारी सपाट जमीन या सगळ्याची मोट बांधून ते स्वतःचे जग तयार करते. मुलाने असा जोडलेला अर्थ हा मूर्खपणा नव्हे. ती त्याची बुद्धी चालत असल्याची खूण आहे. म्हणून चुकीच्या उत्तराला हसू नका. "असं का वाटतं तुला?" एवढेच विचारा आणि ऐका.

चित्र समजावते, तसे फसवतेही

सूर्यमालेचे नेहमीचे चित्र आठवून पाहा. डावीकडे सूर्याचा पिवळा तुकडा आणि पुढे एका रांगेत आठ ग्रह, जणू माळेतले मणी. यातले जवळजवळ सगळे अंतर खोटे असते. चित्रकाराचा तो दोष नाही. ग्रहांचे आकार आणि त्यांच्यातली अंतरे एकाच प्रमाणात दाखवायची तर कोणत्याही पुस्तकाचे पान पुरणार नाही. पण मुलाला हे कोणी सांगितले नाही, तर त्याला ग्रह शेजारीशेजारी राहतात असेच वाटणार.

याला उपाय तुमच्या स्वयंपाकघरातच आहे. मुलाचा फुटबॉल घ्या. तो साधारण २२ सेंटिमीटर रुंद असतो. हा आपला सूर्य. त्या मापात पृथ्वी केवढी? मोहरीच्या दाण्याएवढी, दोन मिलिमीटरची! आता तो दाणा मुलाच्या तळहातावर ठेवा आणि त्याला फुटबॉलपासून तेवीस-चोवीस मीटर दूर, म्हणजे तुमची तीस-पस्तीस पावले चालत न्या. इमारतीचे आवार किंवा जवळचे मैदान यासाठी पुरेल. चंद्र त्या मोहरीपासून फक्त सहा सेंटिमीटरवर आणि खसखशीच्या दाण्याहूनही बारीक. सर्वांत मोठा ग्रह गुरू म्हणजे एक मोठी गोटी, पण ती सुमारे १२० मीटरवर. शेवटचा ग्रह नेपच्यून हरभऱ्याएवढा आणि तो चक्क सातशे मीटर दूर, म्हणजे कदाचित पलीकडच्या चौकात. आणि सूर्याला सर्वांत जवळचा दुसरा तारा? त्यासाठी सहा हजारांहून अधिक किलोमीटर जावे लागेल, म्हणजे काश्मीर ते कन्याकुमारी या अंतराच्या जवळजवळ दुप्पट.

तळहातावर मोहरी घेऊन चाललेले मूल ही गोष्ट सहसा विसरत नाही. घरी आल्यावर पुस्तकातले तेच पान पुन्हा उघडा आणि विचारा, "या चित्रात काय चुकलंय?" मुलाला पुस्तकाची चूक काढायला मिळाली म्हणजे त्याचा उत्साह पाहण्यासारखा असतो.

पृथ्वी-चंद्राच्या चित्राचेही तसेच. बहुतेक पुस्तकांत दोघे चार बोटांच्या अंतरावर असतात. टेनिसचा चेंडू ही पृथ्वी मानली, तर चंद्र एका गोटीएवढा असतो. मुलाला ती गोटी योग्य अंतरावर ठेवायला सांगा. ते बहुधा वीतभर अंतरावर ठेवील. खरे अंतर आहे दोन मीटर! तीन लाख चौऱ्याऐंशी हजार किलोमीटर या आकड्यातून लहान मुलाला काही कळत नाही, खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गोटी घेऊन गेल्यावर मात्र कळते.

आणखी एक चित्र मोठ्यांनाही फसवते. सूर्याभोवती फिरणाऱ्या पृथ्वीची कक्षा अनेक पुस्तकांत लांबट अंड्यासारखी काढलेली असते, कारण ती तिरकी पाहिलेली दाखवायची असते. त्यावरून मुले, आणि पुष्कळ आईवडीलही, असे धरून चालतात की पृथ्वी सूर्याजवळ गेली की उन्हाळा आणि लांब गेली की हिवाळा. प्रत्यक्षात ही कक्षा जवळजवळ वर्तुळच आहे आणि पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, ज्या वेळी दिल्लीकर शेकोटीजवळ बसलेले असतात! ऋतू होतात ते पृथ्वीचा आस कललेला असल्यामुळे. पेरूत विणकामाची सुई खुपसून, तो थोडा कलता धरून, विजेच्या दिव्याभोवती फिरवून दाखवला, तर सात-आठ वर्षांच्या मुलाला हे समजू शकते. सुई सतत भिंतीवरच्या एकाच खुणेकडे कललेली राहील, एवढी काळजी घ्या.

परदेशी चंद्र, आपला चंद्र

बाजारातली बरीच देखणी चित्रपुस्तके इंग्लंड-अमेरिकेत तयार झालेली असतात. ती जरूर घ्यावीत. पण त्यातले आकाश त्यांच्या गावचे असते, हे ध्यानात ठेवावे.

त्या पुस्तकांतली चंद्रकोर बहुधा धनुष्यासारखी उभी असते. आपण विषुववृत्ताच्या जास्त जवळ राहत असल्यामुळे आपल्याकडे ती बरीच आडवी दिसते. विशेषतः फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान शुक्ल पक्षातल्या द्वितीया-तृतीयेला संध्याकाळी पश्चिमेकडे पाहा. चंद्र होडीसारखा टेकलेला दिसेल. आजीच्या कपाळावरची चंद्रकोर किंवा शंकराच्या जटेतली कोर आठवा. तिची टोके वर असतात. आपल्या पूर्वजांनी जे पाहिले, तेच काढले. मुलाला पुस्तकातली कोर आणि गच्चीवरची कोर शेजारीशेजारी काढायला सांगितली, तर पृथ्वीच्या वेगवेगळ्या भागांतून एकच चंद्र वेगळ्या कलाने दिसतो हा केवढा तरी मोठा धडा त्याला विनासायास मिळतो.

ध्रुवताऱ्याचीही तीच गत. पुस्तकातला ध्रुवतारा पुष्कळदा डोक्यावर उंच दाखवलेला असतो. हात सरळ लांब करून मूठ धरली, तर ती आकाशाचा साधारण दहा अंशांचा भाग झाकते. त्या मापाने उत्तर क्षितिजापासून ध्रुवतारा मुंबईत दोन मुठींपेक्षाही थोडा कमी उंचीवर, दिल्लीत जवळजवळ तीन मुठींवर आणि लंडनमध्ये पाच मुठींवर दिसतो. सुटीत मुंबईच्या मामाकडून दिल्लीच्या आत्याकडे जाणाऱ्या मुलाला दोन्हीकडे मुठी मोजायला सांगा. गाव बदलले की तारा वर सरकतो, याचा अर्थ जमीन सपाट नाही. पृथ्वी गोल असल्याचा हा पुरावा मुलाने स्वतःच्या हाताने मिळवलेला असेल.

ऋतूंच्या पानावर बर्फाचा माणूस आणि लाल-पिवळी झडणारी पाने असतात. पावसाळा हा ऋतूच त्यात नसतो! अशा वेळी एक कोरा कागद घेऊन मुलाकडून पावसाळ्याचे चित्र काढून घ्यावे आणि ते पुस्तकात त्या जागी ठेवून द्यावे.

एक चूक मात्र देशी-विदेशी दोन्ही पुस्तकांत आढळते. चंद्रकोरीच्या दोन टोकांच्या मध्ये चमचमणारी चांदणी काढलेली असते. कोरीच्या मधली ती जागा मोकळी नसते, तिथे चंद्राचा अंधारातला भाग असतो. त्याच्या आरपार तारा कसा दिसेल? पाच-सहा वर्षांच्या मुलांना हा प्रश्न कोड्यासारखा घालून पाहा.

भिंतीवरचे चित्रपुस्तक

आपल्या प्रत्येक घरात आकाशाचे एक पुस्तक खिळ्याला टांगलेले असते. ते म्हणजे तिथी छापलेली दिनदर्शिका. तिथी म्हणजे सूर्य आणि चंद्र यांच्यातल्या कोनाचे माप. महिनाभर रोज मुलाने दिनदर्शिकेवरची तिथी पाहावी, आकाशात चंद्र शोधावा आणि दिसेल तसा वहीत काढावा. तीस छोटे चौकोन भरले की त्याचे स्वतःचे चित्रपुस्तक तयार झाले.

घरात आजी संकष्टी करत असेल तर फारच उत्तम. पौर्णिमेला सूर्य मावळताना उगवणारा चंद्र संकष्टीला रात्री नऊच्या आसपास उगवतो. का? चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटे उशिरा उगवतो, म्हणून. चौथ्या दिवशी तो उशीर तीन तासांच्या आसपास जातो. "आजी, तुझा चंद्र आज लेट का?" या प्रश्नाचे उत्तर घड्याळ आणि बोटे मोजून मुलालाच काढू द्या.

चंद्र फक्त रात्रीच दिसतो, हाही पुस्तकांनी पसरवलेला एक समज. वद्य अष्टमीच्या सुमारास सकाळी शाळेच्या बसची वाट पाहताना पश्चिमेकडे वर बघा. निळ्या आकाशात फिकट अर्धा चंद्र दिसेल. पुस्तकात नसलेली गोष्ट आपण शोधली, याचा आनंद मूल शाळेत जाऊन सगळ्यांना सांगते.

नऊ की आठ?

बाजारातल्या जुन्या पुस्तकांत ग्रह नऊ असतात. २४ ऑगस्ट २००६ रोजी प्राग शहरात भरलेल्या आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाच्या बैठकीत ग्रहाची व्याख्या ठरली आणि प्लुटोची गणना बटुग्रहांत झाली. त्यापूर्वीची पुस्तके रद्दीत घालायची का? मुळीच नाही. जोआना कोल आणि ब्रूस डेगन यांच्या 'मॅजिक स्कूल बस' मालिकेतले सूर्यमालेवरचे पुस्तक १९९० सालचे आहे. शाळेची बस अवकाशात भरकटते, ही त्यातली गंमत मुलांना आजही हसवते. प्लुटोच्या पानाशी थांबून एवढेच सांगावे की, "हे पुस्तक लिहिलं तेव्हा असं मानत होते. पुढे माणसांनी जास्त माहिती मिळवली आणि मत बदललं." विज्ञान म्हणजे काय, हे मुलाला यापेक्षा सोप्या शब्दांत सांगता येणार नाही.

पुस्तके चुकतात ही गोष्ट नवी नाही. मुलांसाठीच्या पहिल्यावहिल्या चित्रपुस्तकांपैकी एक समजले जाणारे कोमेनियस या शिक्षणतज्ज्ञाचे पुस्तक १६५८ साली निघाले. त्यात चंद्राच्या कला आणि ग्रहणे चित्रांसह समजावली होती. पण त्यातली पृथ्वी मध्यभागी स्थिर होती आणि आकाश तिच्याभोवती फिरत होते. सूर्याला मध्यभागी ठेवणारे कोपर्निकसचे पुस्तक निघून तेव्हा शंभराहून अधिक वर्षे झाली होती.

आपल्या घरांत आणखी एक घोटाळा होतो, तो शब्दाचा. देवळातले नवग्रह आणि शाळेतले ग्रह एकच, असे मूल समजते. नवग्रहांत सूर्य आणि चंद्र येतात, राहू-केतू येतात. पृथ्वी मात्र त्यात नाहीच! सूर्य हा तारा आहे, चंद्र हा उपग्रह आहे, आणि राहू-केतू हे आकाशातले दोन बिंदू आहेत, ज्या ठिकाणी चंद्राचा मार्ग सूर्याच्या मार्गाला छेदतो. मुलाने विचारले तर दोन्ही याद्या कागदावर लिहून दाखवा. शनी म्हटले की साडेसाती आठवून चेहरा पाडू नका. दुर्बिणीतून शनीची कडी पाहिलेल्या मुलाला शनी हा आकाशातला सर्वांत देखणा ग्रह वाटतो.

ग्रहणाच्या दिवशी दार बंद?

ग्रहण लागले की आजही कित्येक घरांत मुलांना आत कोंडतात, शिजवलेले अन्न फेकतात, गरोदर बाईला हलू देत नाहीत. त्या दिवशी मोठ्यांचे चेहरे पाहून मूल जे शिकते, ते दहा पुस्तकांनी पुसले जात नाही. चंद्र सूर्याला झाकतो आणि पृथ्वीची सावली चंद्रावर पडते, हे आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये लिहून ठेवले आहे. नावेतून जाणाऱ्याला काठ मागे पळताना दिसतो, तसेच फिरत्या पृथ्वीवरून तारे सरकताना दिसतात, हा दाखलाही त्याचाच. पुस्तकातले ग्रहणाचे पान उघडा, खोलीत अंधार करा, टॉर्च पेटवा आणि टेनिसचा चेंडू व गोटी मुलाच्या हाती द्या. सावलीचा खेळ करून झाला की भीतीला जागा उरत नाही. राहू-केतूची गोष्टही सांगा, पण गोष्ट म्हणून.

सूर्यग्रहण नुसत्या डोळ्यांनी, एक्सरेच्या फिल्ममधून किंवा काजळी धरलेल्या काचेतून कधीही पाहू देऊ नका. डोळ्यांना कायमची इजा होऊ शकते. पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडून भिंतीवर सूर्याची छोटी प्रतिमा पाडणे सर्वांत सुरक्षित. चंद्रग्रहण मात्र खुशाल उघड्या डोळ्यांनी पाहावे. चटई, पांघरूण आणि भाजलेले शेंगदाणे घेऊन सगळ्या घरादाराने गच्चीवर जावे.

पायाखालचा ग्रह

अवकाशाच्या नादात पृथ्वी मागे पडते. खरे तर तीच आपल्या सर्वांत जवळची. ज्वालामुखीच्या पानावर नेहमी टोकदार डोंगर आणि त्यातून उसळणारा लालभडक लाव्हा असतो. पण पुण्या-मुंबईच्या मुलांनी खंडाळ्याच्या घाटातून पाहिलेले डोंगर सपाट माथ्याचे आणि थराथरांचे असतात. तेही ज्वालामुखीचेच आहेत! सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हा पुन्हापुन्हा वाहत आला आणि एकावर एक थर साचत गेले. पुढच्या वेळी घाटातून जाताना मुलाला थर मोजायला लावा. बुलढाणा जिल्ह्यातले लोणार सरोवर तर उल्का आदळून याच खडकात पडलेला सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंदीचा खड्डा आहे. चंद्रावरचे खड्डे पुस्तकात पाहिलेल्या मुलाला त्याच्या काठावर उभे करण्यासारखी दुसरी सहल नाही.

पृथ्वीचे एक छायाचित्र मात्र प्रत्येक मुलाने पाहिलेच पाहिजे. २४ डिसेंबर १९६८ रोजी चंद्राभोवती फिरणाऱ्या अपोलो-८ यानातून विल्यम अँडर्स यांनी ते टिपले. खाली चंद्राची करडी, उजाड जमीन आणि वर काळ्या आकाशात अर्धी उजळलेली निळी पृथ्वी. त्यावर देशांच्या रेषा नाहीत. आपले आईबाबा, आपली शाळा, आपले मांजर, सगळे त्या निळ्या तुकड्यावर आहे, हे सांगितले की मूल थोडा वेळ गप्प होते. पाणी जपून वापर, झाड तोडू नको, हे त्यानंतर सांगावे. मग ते उपदेशासारखे वाटत नाही.

कोणत्या वयाला काय?

दोन-तीन वर्षांच्या मुलाला ग्रहांची नावे नकोत. सूर्य, चंद्र, ढग, पाऊस, दिवस, रात्र एवढेच पुरे. पाने जाड, चित्रे मोठी आणि शब्द थोडे असावेत. चंद्राला डोळे-नाक असले तरी बिघडत नाही. या वयात चांदोबाशी मैत्री होणे महत्त्वाचे.

चार ते सहा वर्षे हे प्रश्नांचे वय. "आपण खाली का पडत नाही?", "रात्री सूर्य कुठे झोपतो?" अशा एकाच प्रश्नाभोवती फिरणारे पुस्तक निवडावे. आयर्लंडमध्ये वाढलेल्या ऑलिव्हर जेफर्स यांनी आपल्या नवजात मुलाला पृथ्वीची ओळख करून देण्यासाठी २०१७ साली काढलेले 'हिअर वी आर' हे पुस्तक या वयाला फार आवडते.

सात-आठ वर्षांनंतर मोजमापाची गोडी लागते. डच शिक्षक केस बूके यांचे 'कॉस्मिक व्ह्यू' हे १९५७ चे पुस्तक मिळाले तर अवश्य दाखवा. शाळेच्या अंगणात मांजर घेऊन बसलेल्या मुलीपासून ते सुरू होते आणि दर पानाला चित्र दहा पटींनी दूर जाते. गाव, देश, पृथ्वी, सूर्यमाला, तारे असे करत शेवटी दीर्घिकांपर्यंत. 'क्युरिअस जॉर्ज' माकडाचे जनक एच. ए. रे यांचे तारकासमूहांवरचे 'फाइंड द कॉन्स्टेलेशन्स' हे १९५४ सालचे पुस्तकही याच वयासाठी आहे. ताऱ्यांना जोडणाऱ्या रेषा त्यांनी अशा काढल्या की सिंह खरोखर सिंहासारखा दिसतो. मूल आणखी मोठे झाले की डॉ. जयंत नारळीकरांचे 'आकाशाशी जडले नाते' त्याच्या हाती द्यावे.

महागडीच हवीत असे नाही

परदेशी पुस्तकांच्या किमती पाहून अनेक आईवडील मागे फिरतात. पण १९५७ साली स्थापन झालेल्या नॅशनल बुक ट्रस्टची 'नेहरू बाल पुस्तकालय' मालिका मराठीसह अनेक भारतीय भाषांत आणि माफक दरात मिळते. त्याच वर्षी व्यंगचित्रकार शंकर यांनी सुरू केलेली चिल्ड्रन्स बुक ट्रस्ट ही संस्थाही मुलांसाठी सचित्र पुस्तके काढते. इंदूर, भोपाळकडच्या मराठी घरांतली मुले हिंदीही वाचतात. त्यांच्यासाठी भोपाळच्या एकलव्य संस्थेची पुस्तके आणि १९८५ पासून निघणारे 'चकमक' मासिक आहे. प्रथम बुक्सने २०१५ साली सुरू केलेल्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर मराठीतली चित्रपुस्तके फुकट वाचता येतात. अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावरही विज्ञानाच्या पुस्तकांचा आणि टाकाऊतून बनवायच्या खेळण्यांचा खजिना आहे. हैदराबाद किंवा दिल्लीत वाढणाऱ्या मराठी मुलांना मातृभाषेतले पुस्तक दुकानात सहज मिळत नाही. त्यांच्या आईवडिलांना याचा मोठा आधार वाटेल.

दुकानात पुस्तक हाती घेतले की आधी छपाईचे वर्ष आणि ग्रहांची संख्या पाहा. चित्र प्रमाणात नाही, अशी सूचना कुठे आहे का, ते शोधा. असेल तर लेखक प्रामाणिक आहे असे समजा. चंद्राच्या टोकांमध्ये चांदणी तर नाही ना, ते बघा. अंतराळवीर सगळे मुलगेच आहेत का, हेही पाहा. आपल्या मुलीलाही त्या पोशाखात स्वतःला पाहता आले पाहिजे. आणि शेवटी एक पान वाचून स्वतःला विचारा, हे वाचल्यावर गच्चीवर जावेसे वाटते का? उत्तर 'हो' असेल तर पुस्तक घ्या.

एक सांभाळा. प्रत्येक प्रश्नाचे उत्तर आपल्याला आलेच पाहिजे, असे नाही. "मलाही माहीत नाही, चल शोधू या," असे म्हणणाऱ्या आईवडिलांची मुले विचारत राहतात. "गप्प बस, मोठा झालास की कळेल," असे ऐकणारी मुले विचारायचे थांबतात. पुस्तकावर केलेला सगळा खर्च मग वाया जातो.

त्या वाढदिवसानंतर आजोबांनी नातवाला रोज संध्याकाळी गच्चीवर न्यायला सुरुवात केली. बरोबर चेंडू असे आणि त्यावर चिकटवलेला कागदी माणूस. चेंडू कसाही फिरवला तरी माणसाचे पाय चेंडूकडे आणि डोके आकाशाकडे. "पृथ्वी सगळ्यांना आपल्याकडे ओढून धरते," आजोबा सांगत. दोन-तीन आठवडे गेले. एका संध्याकाळी चेंडू हातात घेऊन मुलगा बराच वेळ गप्प उभा राहिला. मग त्याने पायाखालच्या फरशीकडे पाहिले, वर आकाशाकडे पाहिले आणि हळूच विचारले, "आजोबा, म्हणजे आपण आत्तासुद्धा आकाशातच आहोत?"

आजोबांनी या वेळी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यांनी फक्त त्याचा हात धरला आणि म्हणाले, "हो रे बाळा. तू, मी, आपण सगळेच."